ओट्याखालचे तीन फेरे

रात्रपाळी संपवून धाकटी घरी आली, तेव्हा जिन्याखालच्या चक्रीला लाल लोकरीचा दोरा बांधलेला होता. गाठी सात होत्या. कुणीतरी दात-ओठ खात एकेक गाठ आवळली असावी, इतक्या घट्ट.

रस्त्यावरच्या लाइनीचा पाइप जिन्याखालून घरात शिरायचा आणि तिथेच त्याला दोन फाटे फुटायचे. एक खालच्या घरात, धाकटीकडे. दुसरा तिच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून सरळ वर, थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात. वरच्या न्हाणीघराला गच्चीवरच्या टाकीचं पाणी होतं, पण स्वयंपाकघराचा नळ थेट लाइनीवर. आणि वर जाणाऱ्या फाट्याचा वॉल्व, म्हणजे ही तळहाताएवढी लोखंडी चक्री, होती खाली, धाकटीच्या दारापासून चार पावलांवर. चक्री उजवीकडे फिरवली की वरचं पाणी कमी. सगळ्या भांडणाचं मूळ एवढंच.

गेले सहा आठवडे वरच्या नळाला करंगळीएवढी धार येत होती. आणि गेले सहा आठवडे थोरली जिन्यात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होती, की खालची चक्री आवळते.

"आलीस का नर्सबाई?" वरून आवाज आला. पाठोपाठ किल्ल्यांचा खुळखुळाट. थोरलीच्या कमरेला चौदा किल्ल्यांचा जुडगा असे. घरात साखरेच्या डब्यालासुद्धा कुलूप होतं. "दोरा बघितलास ना? एक गाठ जरी सैल दिसली तरी मला कळेल."

"जाऊबाई, दोरा कालच बांधलात ना?"

"काल संध्याकाळी. तुझ्यासमोर बांधायला हवा होता का? मुहूर्त काढून?"

"मग आज सकाळी वर पाणी जोरात आलं असेल."

"नाही आलं. त्याआधीच आवळून ठेवलीस तू. हुशार आहेस ना फार!"

दोरा सुटला तर धाकटी चोर, आणि नाही सुटला तर आधीपासूनची चोर.

धाकटीच्या डोळ्यांत रात्रीची जाग चुरचुरत होती. एरवी ती दार लावून झोपली असती. पण आज रविवार होता. घर सासूबाईंच्या नावावर होतं आणि सासूबाईंनी गेल्या रविवारी निकाल देऊन टाकला होता. त्यांनी तीस वर्षं शाळेत घंटा दिली होती; बोललेली वेळ म्हणजे वेळ. "पुढच्या रविवारपर्यंत नळ नीट झाला पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. "नाही झाला तर खालच्यांनी दुसरी खोली बघायची. रोजची ही कटकट मला नको."

धाकटीचा नवरा मालट्रक चालवायचा. महिन्यातले वीस दिवस तो रस्त्यावर, आणि फोनवर त्याचं एकच वाक्य, "तू तोंडी लागू नकोस, मी आल्यावर बघतो." तो यायचा होता गुरुवारी. तोवर सामान रस्त्यावर आलं असतं.

तिने खांद्यावरची पिशवी काढली नाही. तशीच जिना चढली.

थोरली दारात आडवी उभी. "कुठे निघालीस?"

"नळ बघायला."

"माझ्या स्वयंपाकघरात? पाय तर टाकून बघ! प्लंबर येऊन गेला, त्याने सांगितलं, पाणी खालूनच कमी येतंय."

"त्याने नळ उघडून बघितला होता का?"

"त्याला बघायची गरज नाही. त्याला अनुभव आहे."

"येऊ दे तिला," आतून सासूबाईंची काठी फरशीवर एकदा वाजली. "घंटा होईपर्यंत पेपर लिहू देतात. आज रविवार अजून संपलेला नाही."

थोरली बाजूला झाली, पण इतकीच, की धाकटीला अंग चोरून आत जावं लागलं.

स्वयंपाकघर लखलखीत होतं. ओट्यावर एक थेंब नाही. भाऊजी, म्हणजे थोरलीचा नवरा, टेबलाशी वर्तमानपत्र पसरून बसले होते. टपाल कचेरीत शिक्के मारणारा हा माणूस घरात इतका कमी बोलायचा, की पाहुण्यांना तो मुका वाटे. धाकटीला बघून त्यांनी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

नळ होता हंसाच्या मानेसारखा, चकचकीत. वर एक दांडी. उचलली की पाणी सुरू, खाली दाबली की बंद. थोरलीने दांडी उचलली आणि नळातून पडणाऱ्या धारेकडे अशी बघत राहिली, जणू कोर्टात पुरावा दाखवते आहे.

"बघ. डोळे भरून बघ. एक पातेलं भरायला मला अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात तुझे चार रोगी बरे होत असतील."

धाकटी नळाकडे बघत होती आणि तिला आठवत होती सलाईनची नळी. दवाखान्यात नवी मुलगी आली, की पहिल्या आठवड्यात हमखास एक चूक करायची. सलाईन थांबलं, की बाटलीकडे बघायची. बाटली उंच कर, बाटली हलव, बाटली बदल. धाकटी प्रत्येकीला सांगायची: बाटलीकडे शेवटी बघायचं. आधी सुई. मग नळी कुठे दुमडली आहे का. मग नळीवरची ती छोटी चक्री. टोकापासून सुरू करायचं आणि एकेक पायरी मागे जायचं, मधली एकही सोडायची नाही. जिथे पाणी मोकळं मिळेल, त्याच्या पुढच्याच पायरीत दोष.

सहा आठवडे सगळं घर बाटलीकडे बघत होतं. जिन्याखालच्या चक्रीकडे.

"एक वाटी द्या. आणि जुनं फडकं."

"वाटीला हात लावू नकोस, मी देते," थोरली म्हणाली आणि तडा गेलेली वाटी शोधून आणली.

धाकटीने दांडी दाबून पाणी बंद केलं, नळाच्या तोंडाला फडकं गुंडाळलं, म्हणजे चकाकीवर ओरखडा नको, आणि तोंडाची कडी डावीकडे फिरवली. कडी हलेना. तिने पुन्हा जोर लावला.

"मोडशील!" थोरली किंचाळली. "तो नळ माझ्या माहेरचा आहे!"

"मग माहेरच्यांनी साफ करायलाही शिकवायचं होतं," धाकटी म्हणाली, आणि कडी कर्र करून सुटली.

कडीत नाण्याएवढी बारीक जाळी होती. धार एकसारखी पडावी, उडू नये, म्हणून अशा नळांच्या तोंडाशी ती बसवलेली असते. धाकटीने जाळी वाटीत उलटी आपटली. तांबूस रेती पडली. पुन्हा आपटली. आणखी रेती, गंजाचे पापुद्रे, आणि डाळीएवढा एक खडा.

सासूबाई खुर्चीतून पुढे वाकल्या. "हे कुठून आलं?"

"रस्ता खोदला होता ना, आई? लाइन फुटली होती. दोन दिवस गढूळ पाणी आलं. सहा आठवडे झाले त्याला." धाकटी थोरलीकडे न बघता बोलली. "माझ्या नळाला जाळी नाही, साधी तोटी आहे. माझ्याकडे आली ती रेती वाहून गेली. वरची इथे अडकून बसली."

तिने जाळी घासली, उजेडाकडे धरली, सगळी भोकं मोकळी झालेली बघितली आणि कडी परत बसवली. दांडी उचलली. धार अंगठ्याएवढी झाली.

धाकटीचा जीव भांड्यात पडला. पण क्षणभरच.

"एवढंच?" थोरली म्हणाली. "आधी अशी धार होती का, अहो? सांगा ना! आधी पातेलं आपटायचं हातातून. हे अर्धंच आहे." ती सासूबाईंकडे वळली. "जाळीचं जाळीने खाल्लं, मान्य. उरलेलं अर्धं कुणी खाल्लं? म्हणजे चक्रीही आवळलेली आहेच."

आणि पंचाईत अशी, की ती खोटं बोलत नव्हती. धार खरंच अर्धी होती. धाकटीलाही आठवत होतं, पूर्वी या ओट्यावर भांडी घासताना कोपरापर्यंत भिजायला व्हायचं.

सासूबाईंनी काठीची मूठ चाचपली. "पूर्ण झाल्याशिवाय झालं म्हणता येणार नाही," त्या म्हणाल्या.

पुढची पायरी. नळाच्या मागे काय? ओट्याखाली लवचिक नळी, आणि ती जिथे भिंतीतून निघते तिथे एक छोटा कॉक. नळ बदलायचा झाला तर तेवढंच पाणी बंद करता यावं म्हणून तो असतो. धाकटी गुडघ्यांवर बसली आणि ओट्याखालचे डबे बाहेर काढू लागली.

"अहो, राहू द्या," वर्तमानपत्रामागून भाऊजींचा आवाज आला. सगळ्यांनी तिकडे बघितलं. या घरात त्या कागदामागून आवाज येणं म्हणजे भिंतीने बोलण्यासारखं होतं. "तो कॉक जुना आहे. हात लावला तर तुटेल. पूर येईल घरात."

"तुटला तर मी भरून देईन, भाऊजी."

"तसं नाही... पण कशाला उगाच..."

धाकटीने मान आत घातली. अंधारात हात भिंतीवरून सरकवत तिने कॉक शोधला. पितळी, लहानसा. मुठीवर क्षाराचा पांढरा थर जमला होता, बरेच महिने कुणाचा हात लागला नसल्यासारखा. तिने मूठ डावीकडे फिरवली. थर तडकला. एक फेरा. वर धारेचा आवाज बदलला. दोन. तीन. आणि मग मूठ अडली, कॉक पूर्ण उघडला.

वर पाणी असं कोसळलं, की नळाखाली ठेवलेल्या पातेल्यावरून उसळून थोरलीच्या पोटावर गेलं. ती "अगं बाई!" म्हणत मागे सरली आणि हात लांब करून तिने दांडी फाडकन खाली दाबली.

धाड!

आवाज भिंतीतून आला. खालून. लोखंडी पाइप भिंतीवर आदळल्याचा. ओट्यावरच्या बरण्या किणकिणल्या.

ओट्याखाली बसलेली धाकटी जागच्या जागी थिजली. हा आवाज ती विसरली होती. वर्षापूर्वीपर्यंत रोज सकाळी हाच आवाज तिच्या उशाशी व्हायचा. पाणी जोरात असलं आणि नळ झटक्यात बंद केला, की धावत्या पाण्याला पाइपातच धक्का बसतो आणि सैल पाइप भिंतीवर आपटतो. रात्रपाळी करून ती झोपायची, आणि वर थोरली भांडी घासायची. धाड. पुन्हा धाड. एकदा जिन्यात भाऊजी भेटले, तेव्हा ती हसत म्हणाली होती, "भाऊजी, तुमचा पाइप मला झोपू देत नाही हो." त्यानंतर आठवड्याभरात आवाज बंद झाला होता. तिला वाटलं होतं, पाइप आपोआप बसला असेल.

पाइप आपोआप बसत नाहीत.

ती ओट्याखालून बाहेर आली. भाऊजी वर्तमानपत्राच्या एकाच ओळीकडे टक लावून बसले होते.

"कॉक तीन फेरे बंद होता," धाकटी म्हणाली.

"कुणी केला बंद?" सासूबाईंनी विचारलं.

"अजून विचारायचं काय?" थोरली ओले कपडे झटकत गरजली. "हिनेच! खाली चक्री, वर कॉक, दोन्हीकडून गळा दाबला माझा!"

"तुम्ही मला सहा आठवडे उंबरा ओलांडू दिला नाहीत, जाऊबाई."

"त्याआधी येत होतीस ना? भांडी घासायला मदत करते म्हणून गोड बोलून. तेव्हाच केलंस. आई, आता तरी पटलं का? ही माझ्या ओट्याखाली शिरून गेली आणि मी हिला चहा पाजत होते!"

सासूबाई धाकटीकडे बघू लागल्या. ती नजर धाकटीने ओळखली. शाळेत उशिरा आलेल्या मुलाकडे बघायची नजर असणार ही. दार बंद करण्याआधीची.

नळ नीट झाला होता आणि घर जायची वेळ आली होती. एका वाक्याचं अंतर होतं, आणि ते वाक्य टेबलाशी बसलं होतं.

धाकटीने वाट बघितली. नाडी मोजताना ती अर्धं मिनिट मोजायची. तितकीच वाट बघितली. मनात आकडे चालू होते. भाऊजींनी पान उलटलं.

ते पान उलटलेलं बघून तिच्या आत काहीतरी तुटलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "जिन्यात मी तुम्हाला काय म्हणाले होते?"

"कधी?"

"तुम्हाला माहीत आहे कधी. आईंच्या समोर सांगा. नाहीतर मी सांगते, आणि मग ते माझ्या तोंडून कसं ऐकू येईल याचा विचार तुम्हीच करा."

भाऊजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. चारी कोपरे जुळवून घडी घातली. घडीवरून हात फिरवला. मग टेबलाला सांगितल्यासारखं म्हणाले, "मी केला बंद. तीन फेरे. पाइप वाजायचा. खाली ह्यांना दिवसा झोप मिळत नव्हती. बाकी काही नाही."

थोरली टेबलाकडे वळली.

"तुम्ही?" ती म्हणाली. "हिच्या झोपेसाठी? वर्षभर?"

"तेव्हा तुला कळलंसुद्धा नव्हतं. अर्ध्यातही भागत होतं. मग मध्येच धार एकदम बारीक झाली. मला वाटलं, माझ्या कॉकमुळेच. उघडायला गेलो असतो तर तू विचारलं असतंस, हात कशाला घातला. आणि एकदा तू चक्रीचं नाव घेतल्यावर..." त्यांनी खांदे उडवले. "मग बोलायची सोयच राहिली नाही."

"सोय!" धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. दवाखान्यात ती रागावली की आवाज खाली यायचा आणि नव्या मुली पळायच्या. "सहा आठवडे जिन्यात मला चोर म्हटलं गेलं. तुम्ही वरून ऐकत होतात. आता या क्षणी माझं घर जात होतं आणि तुम्ही पान उलटलंत, भाऊजी. मला झोप दिलीत त्याचे आभार मानू, की अब्रू घेतलीत त्याचा हिशेब मागू?"

"मुके होतात तेच बरं होतं," थोरली फिसकारली, पण कुणावर ते तिलाच ठरवता येत नव्हतं. "बायकोची कंबर मोडली तरी चालेल, भावजयीचा डोळा लागला पाहिजे! आई, बघा तुमचा मुलगा!"

"बघते आहे," सासूबाई म्हणाल्या. "तो लहानपणीही असाच होता. काच फोडायचा, आणि दुसऱ्याला छड्या बसेपर्यंत बाकावर बसून राहायचा." त्यांनी काठी टेकली आणि उठल्या. "खालचं घर खालच्यांचं. हा विषय संपला. तू तिची माफी माग."

"मी? मी काय केलं?"

"सात गाठी मारल्यास."

थोरलीने ओठ आवळले. माफीचा शब्द त्यामागेच राहिला. बाहेर पडले ते वेगळेच शब्द. "कॉक आता पूर्ण उघडा राहणार. कुणी हात लावला तर हात मोडीन, मग तो नवऱ्याचा असो नाहीतर आणखी कुणाचा. माझा नळ, माझं पाणी. ज्यांना झोपायचंय त्यांनी कानात कापूस घालावा. दवाखान्यात फुकट मिळतो."

धाकटीने पिशवी उचलली. जाताना रेतीची वाटी तिने मुद्दाम ओट्याच्या मधोमध ठेवली. उंबऱ्यापाशी भाऊजी काहीतरी पुटपुटले. तिने थांबून ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रात्रपाळीवरून आली, पडदा ओढला, अंग टाकलं. डोळा लागतो न लागतो तोच: धाड!

मग दहा मोजण्याइतकी शांतता. पुन्हा धाड! भांडी घासण्याचा हा ताल नव्हता. भांडं भरायला वेळ लागतो. वर कुणीतरी नुसती दांडी उचलत होतं आणि खाली आपटत होतं.

धाकटी उठून बसली. आधी तिला जिन्याखालची चक्री दिसली, डोळ्यांपुढे, स्वच्छ. चार पावलं. अर्धा फेरा. ज्या गुन्ह्याची शिक्षा सहा आठवडे भोगली, तो एकदा करून तरी बघावा! हात अक्षरशः शिवशिवले.

मग तिने भिंतीकडे बघितलं. धाड! आवाज सगळ्या पाइपातून येत नव्हता. उशाच्या थोडं वर, जिथे पाइपाची पकड भिंतीतून निसटली होती, तिथेच पाइप हलत होता. बोटभर फट. तिने तिथे तळहात दाबून धरला. पुढचा धक्का तळहातात आला आणि तिथेच जिरला. आवाज नुसता "हुं" असा झाला.

हे वर्षापूर्वीच बघायला हवं होतं. नव्या मुलींना शिकवायचं आणि आपण मात्र जिन्यात गाऱ्हाणं सांगायचं!

तिने पिशवीतून मुरगळलेल्या घोट्याला बांधायची लवचिक पट्टी काढली. अर्धी पाइपाला गुंडाळली, उरलेल्या अर्ध्याची घट्ट घडी करून फटीत ठोकून बसवली. वरून चिकटपट्टीचे चार वेढे. पाइप हलवून बघितला. हलला नाही. मग ती परत आडवी झाली आणि चादर गळ्यापर्यंत ओढली.

वर दांडी आपटली असणार. भिंतीत नुसता एक उसासा. पुन्हा आपटली. पुन्हा उसासा. तिसऱ्यांदा जरा जास्त जोर असावा. चौथ्यांदा बराच.

मग वरचं दार उघडलं. जिन्यावरून किल्ल्या खुळखुळत खाली आल्या, जिन्याखाली थांबल्या आणि बराच वेळ तिथेच राहिल्या. थोरली दोरा बघत होती. सातच्या सात गाठी जशाच्या तशा होत्या.

धाकटीने कूस बदलली. किल्ल्या परत वर गेल्या की नाही, ते तिला कळलं नाही.